सहा व्होल्ट

झुल्मा, तुझं पत्रक मी दोनदा वाचलं.
हिरवा नेमका कुठला, बोल्टांची डोकी कशी,
वायरीवरचं सुती वेष्टण, त्यातला पिवळा दोरा,
आणि खाली, मास्तरीण होतीस ना, लाल शाईनं:
"एकोणीसशे तीस साली कारखान्यातून निघाली तश्शी.
तसूभरही फरक नको."

बरं.
दिवे सहा व्होल्टचे, म्हणजे दोन काजवे,
तेही सर्दी झालेले.
ब्रेक सळयांचे. पाय आज दाबायचा,
गाडी उद्या थांबेल.
आणि कोलोनियाहून कार्मेलोला परतताना
मागून सोयाबीनचे ट्रक येतात, बंदर गाठायच्या घाईत.
मी म्हटलं, बाई, सगळी सोंगं आणता येतात,
ब्रेकचं आणता येत नाही.
तू म्हणालीस, परीक्षक भिंग घेऊन येतात.
मी म्हटलं, भिंगातून रस्ता दिसत नाही.
तू चष्मा पुसलास. विषय संपला.

जून सगळा उकलण्यात गेला.
बाहेर नदीवरचं धुकं, आत शेगडी, मातेचा कडू घोट,
आणि जमिनीवर ओळीनं मांडलेली तुझी गाडी.
दाराच्या आतलं लाकूड कारखान्याचं नव्हतंच,
निलगिरीचं होतं, कोयत्यानं तासलेलं.
सीटखाली बिस्किटाच्या डब्याचं ठिगळ,
त्यावर अर्धी हसरी मुलगी.
आणि इंजिनाच्या बाजूच्या झाकणाखाली,
जिथं बुचाची पट्टी हवी, तिथं चामडं.
बुटाचं. टाचेकडची शिवण शाबूत.
एलादिओचा बूट, तुझ्या बापाचा.
म्हणजे एक हिवाळा तो दीड बुटावर हिंडला असणार,
दूध मात्र डेअरीत वेळेवर.

कारखान्यात तुझा बाप नव्हता, झुल्मा.
पण पत्रक ते पत्रक.
सगळं काढलं. नवं बूच बसवलं,
दोन महिने कस्टममध्ये कुजत पडलेलं परदेशी रबर बसवलं.
निघालेलं सगळं एका डब्यात घातलं,
झाकणावर खडूनं तुझं नाव.

आणि एक पाप केलं.
मागच्या मडगार्डखाली, भिंगालाही वाकावं लागेल अशा जागी,
दोन लाल दिवे लावले, बारा व्होल्टचे,
त्यांची बॅटरी वेगळी, बटण चोरटं.
ब्रेक लपवता आले नसते.
तुला सांगितलं नाही.

ऑक्टोबर. कोलोनियाचा दगडी चौक.
बेरुत्ती परीक्षक, हातात पांढरे मोजे,
रुमाल अंथरून गाडीखाली आडवा झाला.
बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते.
मग आतून आवाज आला, "हे काय?"
मी टोपी काढली.
तू म्हणालीस, "माझे आहेत. मीच लावायला सांगितले."
पन्नास वर्षं पोरांच्या चुका काढणारी तू,
धडधडीत खोटं बोललीस, व्याकरण न चुकता.
चार गुण गेले. पहिला नंबर ज्या गाडीला मिळाला
ती ट्रेलरवर बसून आली, ट्रेलरवर बसून गेली.
तिच्या टायरना रस्ता म्हणजे ऐकीव गोष्ट.

रात्री तूच चालवलीस. मी शेजारी,
दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर.
ट्रक आले, एकामागून एक,
लांबूनच वेग आवरत, वळसा घालून गेले.
बटण कुठं आहे हे तू विचारलं नव्हतंस.
ते चालू होतं.

सोमवारी डबा घेऊन दारात हजर.
चामडं काढून माझ्या तळहातावर ठेवलंस.
"हे परत बसव."
गळेल, म्हटलं.
"गळू दे. आधीही गळायचं.
आई ओरडायची फरशीवरून."

बसवलं. गळतं.
परवा तुझ्या घरावरून गेलो, गाडी नव्हती.
फरशीवर तेलाचे तीन थेंब, ताजे.
अंधार पडायला अजून तासभर होता.
ब्रेक सळयांचेच आहेत,
म्हणून घड्याळ पाहिलं
आणि कोपऱ्यावर उगाच थांबलो, सिगारेट संपेपर्यंत,
मग दुसरी संपेपर्यंत.